मुलाखतीसाठी शिवलेला कोट

पप्पा सोमवारी गेले. माझी मुलाखत पुढच्या मंगळवारी होती.

सकाळी ते शाळेत गेले होते. शाळा उघडायला आठवडा होता, पण पटनोंदणीचं काम होतं. साडेअकराला ते वर्गातल्या बाकावर बसले आणि नंतर उठले नाहीत. दुपारी त्यांना टेम्पोतून घरी आणलं. संध्याकाळी अंत्यविधी झाला.

त्या दिवसाबद्दल मला एवढंच लिहिता येतं. पुढच्या आठ दिवसांबद्दल मात्र बरंच लिहिता येईल, कारण त्या आठ दिवसांत आमच्या घरी जमलेल्या माणसांनी एका प्रश्नावर फार मनापासून विचार केला. आई आता काय करणार, घर कसं चालणार, असला तो प्रश्न नव्हता. मुलीने पुण्याला मुलाखतीला जाताना काय घालायचं, हा तो प्रश्न होता.

देवळाली प्रवरा हे आमचं गाव. पप्पा जवळच्याच एका वस्तीवरच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. मी बारावी झाले होते आणि पुण्यातल्या एका कॉलेजने मला मुलाखतीला बोलावलं होतं. ते कॉलेज आधी लेखी परीक्षा घेतं, मग मुलाखत घेतं आणि देशभरातून मोजकी मुलं निवडतं. त्याचं माहितीपत्रक पप्पांनी इतक्यांदा उघडून वाचलं होतं की घड्यांवर ते फाटायला आलं होतं. मी तिथे शिकायचं, हे त्यांनी ठरवलं होतं. मीही ठरवलं होतं, पण बोलून दाखवलं नव्हतं. मी फारसं काहीच बोलून दाखवत नसे. नातेवाईक मला 'पुस्तकी' म्हणत, आणि त्यात कौतुक नसे.

कॉलेजच्या मेलमध्ये शेवटी एक ओळ होती. उमेदवारांनी 'स्मार्ट फॉर्मल्स'मध्ये यावं. पप्पांनी ती दोनदा वाचली.

"फॉर्मल कळलं. पण शर्ट स्मार्ट कसा असतो गं?"

"माहीत नाही."

"त्यांना तरी माहीत असेल का?" असं म्हणून ते हसले. मग जरा वेळाने म्हणाले, "कोट घालायचा. कोटाला कुणी नाव ठेवत नाही."

आमच्याकडे कोटाला मान आहे. आमच्या माणसांच्या घरात भिंतीवर एक तसबीर असते आणि त्या तसबिरीत कोट असतो. तो निळा असतो. हे ज्याला सांगावं लागत नाही तो आमच्यातला. पप्पांनी स्वतः आयुष्यात कोट घातला नव्हता. लग्नातही आमच्या रीतीप्रमाणे पांढरा शर्ट आणि पांढरी पँटच होती. पण मुलीने कॉलेजच्या दारात पहिलं पाऊल कोटात टाकायचं, हे त्यांनी कधीचं मनात धरलेलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी ते नगरला गेले आणि कापड बाजारातून गडद निळ्या सुटिंगचं कापड घेऊन आले. आईने ते हातात घेऊन बघितलं आणि 'चांगलं आहे' म्हणाली. कोणाला शिवायचं, कसं शिवायचं, हे तिने विचारलं नाही. पप्पांच्या ठरवण्यात ती पडत नसे.

कापड त्यांनी राहुरीतल्या टेलरकडे टाकलं. हा टेलर पप्पांचे शर्ट-पँट वर्षानुवर्षं शिवत होता. पप्पा त्याला एवढंच म्हणाले, "मुलाखतीसाठी कोट शिवायचाय. माप द्यायला रविवारी येतो." रविवारी ते मला म्हणाले, चल. मी पुस्तक वाचत होते. परक्या माणसासमोर हात पसरून उभं राहायचं माझ्या जिवावर आलं होतं, म्हणून उद्या जाऊ म्हणाले. बरं, उद्या संध्याकाळी जाऊ, असं ते म्हणाले. उद्या म्हणजे तो सोमवार.

मंगळवारी सकाळी टेलर आमच्या दारात उभा राहिला. त्याच्या हातात हँगर होता आणि हँगरला कोट. घरात बायका बसल्या होत्या, बाहेर मंडपाखाली पुरुष बसले होते. सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"काल दुपारीच कळलं मला," तो आईला म्हणाला. "कापून तर ठिवलाच हुता. तवाच मशिनीवर बसलो. म्हणलं, सरांच्या अंगावर जाऊ दे. पर कोट हाय, शर्ट न्हाई. अस्तर हाय, कालर हाय, येळ लागतो. सांजच्याला आलो तं समदे तिकडं गेल्याले." मग कोटाकडे बघून म्हणाला, "सरांना घालायचा ऱ्हायला."

आईने विचारलं, "सरांना?"

"त्यांचाच की. इंटरव्ह्यू हाय म्हणले. म्हणलं, हेडमास्तर व्हत असत्याल."

"भाऊ, मुलाखत पोरीची आहे."

टेलरने माझ्याकडे बघितलं, मग कोटाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. कोटाच्या बाह्या माझ्या गुडघ्यापर्यंत आल्या असत्या.

"पोरीची?" तो म्हणाला. "मंग माप रविवारी देतो म्हणले, ते हिचं व्हय? मी म्हणलं, माप तर वहीत हायच, सर पुना कशाला देत्यात?"

तो चांगला माणूस होता. मेलेल्या गिऱ्हाइकाच्या अंगावर नवा कोट जावा म्हणून दुपारचं जेवण सोडून मशीनवर बसणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही. पण कोट शिवायचाय म्हणजे तो बाप्याचाच, आणि मुलाखत आहे म्हणजे ती सरांचीच, हे त्याने इतकं गृहीत धरलं होतं की 'कोणाचा' हा एक शब्द त्याने विचारला नव्हता. आणि माझ्या वडिलांनीही तो सांगितला नव्हता. कोट म्हटल्यावर मुलीचा असेल असं कुणाच्या डोक्यात येणार नाही, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"उसवून बारीक होईल का?" आईने विचारलं.

"बाह्या व्हत्याल, लांबी व्हईल. खांदा न्हाई उतरत. कोट म्हंजी खांदाच असतो, बाई."

तेवढ्यात माझी आत्या, पप्पांची थोरली बहीण, पदराने डोळे पुसत होती ती थांबली. "पोरीच्या जातीला कोट? बँडवाली दिसंल ती. त्याला तरी काय सुचायचं कायबी." आणि तिने पुन्हा पदर डोळ्यांना लावला. रडण्याच्या मध्ये एवढं बोलून पुन्हा त्याच जागी रडणं सुरू करता येतं, हे मी त्या दिवशी शिकले.

दुपारी काका आले. पप्पांचे धाकटे भाऊ. पुण्यात सरकारी अधिकारी आहेत. अंत्यविधीला त्यांना पोचता आलं नाही, मीटिंग होती. पुण्यातल्या त्यांच्या फ्लॅटच्या दारावर पाटी आहे, तिच्यावर इंग्रजीत तीन अक्षरं आहेत आणि आडनाव नाही. त्यांच्या घरात ती कोटातली तसबीरही आहे, पण ती आतल्या खोलीत आहे. पप्पा एकदा त्यांना म्हणाले होते, "पाव्हण्यांना चहा बाहेर देतोस आन बापाला आत ठिवतोस व्हय रं?" त्यानंतर वर्षभर दोघं बोलत नव्हते.

काकांनी सगळी हकिगत ऐकली, कोट हँगरवरून काढला आणि सहज घालावा तसा घातला. तो त्यांना तंतोतंत बसला. पप्पांचा आणि त्यांचा अंगाचा बांधा एकच. मंडपात कुणीतरी हुंदका दिला. काकांनी पुढचं बटण लावलं, कॉलर नीट केली आणि आईला म्हणाले, "वहिनी, दादाची आठवण म्हणून हा मी ठेवतो." आईने रिकामा हँगर त्यांच्या हातात दिला. कोट काकांच्या गाडीत मागच्या सीटवर गेला.

मग ते माझ्याकडे वळले. "आणि बेटा, निळा तर मुळीच नको. निळा कोट म्हणजे गळ्यात पाटी. तिथे कोणी विचारत नाही, पण सगळे बघतात. आधीच कशाला दाखवायचं?"

दोन मिनिटांपूर्वी तोच निळा कोट घालून ते सगळ्यांसमोर उभे होते, हे त्यांना कोणी म्हटलं नाही. मीही नाही.

रविवारी जलदानविधीचा कार्यक्रम झाला. सगळे पांढऱ्या कपड्यांत होते. मी बुद्धपौर्णिमेला घालते तो माझा पांढरा ड्रेस घातला होता. त्रिसरण झालं, पंचशील झालं, भाषणं झाली. भाषणांत पप्पांच्या साधेपणाचं कौतुक झालं, दुखवटा घेऊ नये आणि देऊ नये हे सर आयुष्यभर सांगत आले, असंही एक जण म्हणाले. भाषणं संपली आणि पिशव्या उघडल्या.

दुखवटा म्हणजे मरणाघरी न्यायचे कपडे. बाईला साडी, पुरुषाला टॉवेल-टोपी, मुलीला ड्रेसपीस. पप्पा दर मयतीहून यावरून भांडून घरी येत. "छप्पन साली देव सोडले, उपास सोडले, नवस सोडले. लुगडी तेवढी सोडवत नाहीत," असं म्हणत. आता त्यांच्याच तसबिरीसमोर लुगड्यांचा ढीग झाला. प्रत्येक पाहुण्याने ढिगात घालताना आजूबाजूला बघून घेतलं. एक आंबा रंगाची साडी आईने हातात घेतली, उलटसुलट करून पदराची किनार बघितली आणि मला हळूच म्हणाली, "ही मीच दिलेली. दोन वर्षांपूर्वी, त्यांची सासू गेली तेव्हा." साडी प्लॅस्टिकमधून बाहेरही आली नव्हती. त्या साडीने किती मरणं पाहिली असतील कोणास ठाऊक. नेसली मात्र ती कोणी नव्हती.

माझ्या वाट्याला सहा ड्रेसपीस आले. मामाने आणलेला जांभळा होता, त्याच्या गळ्याला खडे होते. आत्याने तो माझ्या खांद्यावर लावून बघितला.

"ह्योच शिव आन ह्योच घालून जा. पयला मामाचा कपडा अंगाला लागावा लागतो. त्याबिगर दुसरं नवं घालायचं न्हाई."

"आत्या, मुलाखत परवा आहे."

"मंग? राहुरीत टेलर हायच की." तिचा आवाज खाली आला. "त्याला एवढं सांग म्हंजी झालं, पोरीचाच हाय म्हणून."

शेजारच्या बायका तोंडावर पदर धरून हसल्या. मलाही हसू आलं. पप्पांना जाऊन सहा दिवस झाले होते. त्या हसण्याचा राग मला बरेच दिवस आला, आणि तो राग मी आत्यावर काढला. ती बिचारी एवढीच एक विनोदाची गोष्ट बोलली होती.

सोमवारी काका पुन्हा आले. येताना त्यांच्या मुलीचा जुना ब्लेझर आणि पँट घेऊन आले. माझी ही चुलतबहीण माझ्याच वयाची. ब्लेझरचा रंग चहात दूध जास्त झाल्यासारखा होता. आत्या म्हणाली, "ह्यो कंचा रंग? घातलाय का न्हाई तेबी कळंना." काकांनी मला तो घालायला लावला. तो मला नीट बसला, हे मला आवडलं नाही. काका दोन पावलं मागे गेले, मान तिरकी करून बघितलं आणि समाधानाने म्हणाले, "आता बघ! आता तू कुठलीही वाटतेस."

त्यांना ही स्तुती वाटत होती. मी आरशात बघितलं. खरंच मी कुठलीही वाटत होते. त्यांच्या दारावरच्या पाटीसारखी.

मग त्यांनी माझी सराव-मुलाखत घेतली. आतल्या खोलीत, लुगड्यांच्या ढिगाशेजारी, ते पलंगावर बसले आणि मला समोर स्टुलावर बसवलं. बाहेर लोक भेटायला येतच होते.

"गाव विचारलं तर?"

"देवळाली प्रवरा."

"नको. नगर म्हण. पुण्याजवळ, म्हण. छंद?"

"वाचन."

"सगळे तेच सांगतात. ट्रेकिंग म्हण. भंडारदऱ्याला गेली होतीस ना सहलीला?"

"सहावीत."

"मग गेलीस ना? आता महत्त्वाचं." त्यांनी आवाज खाली घेतला. "दादाचं सांगायचं. त्यांनी विचारलं तर सांगच, नाही विचारलं तरी सांग. पण सुरुवातीला नको. शेवटी सांग, म्हणजे लक्षात राहतं. डोळ्यांत पाणी आलं तर येऊ दे. मुद्दाम आणू नकोस, पण आलं तर अडवू नकोस."

जात लपवायची आणि मरण दाखवायचं, असा त्यांचा सगळा सल्ला होता. माझ्या वडिलांचे दोन तुकडे करून एक कपाटात ठेवायचा आणि एक टेबलावर मांडायचा. आणि हे सांगताना त्यांचा आवाज खरोखर कापत होता. भाऊ गेल्याचं दुःख त्यांना झालं होतं, यात मला शंका नाही. पण दुःख झालेलं असतानाही माणसाला त्याचा उपयोग सुचतो. मला वाटायचं, मला तो कधी सुचणार नाही. मी पुस्तकं वाचलेली मुलगी होते.

मंगळवारी सकाळी मी पांढरा ड्रेस घातला. आईने तो आदल्या दिवशी धुऊन, इस्त्री करून खुंटीला अडकवला होता. यात काही बाणा होता असं नाही. घरातल्या सगळ्या कपड्यांत तो एकच असा होता की जो मला कुणी दिलेला नव्हता, ज्याच्यावर कुणाचा मान अडकलेला नव्हता. आईने केसांना तेल लावलं आणि वेणी घातली. ती एवढंच म्हणाली, "त्यांची इच्छा होती. जागा मिळवून ये."

काका गाडी घेऊन उभे होते. मला बघून त्यांनी स्टिअरिंगवर हात आपटला.

"ब्लेझर कुठाय? हे काय, शोकसभेला चाललीस का?"

मी गाडीत बसले. 'तिथूनच येतेय', हे उत्तर मला शिरूर मागे पडल्यावर सुचलं. तोवर काकांनी विषय बदलून टोलनाक्यांचा काढला होता.

कॉलेजच्या व्हरांड्यात वीसेक मुलं-मुली बसली होती. स्मार्ट फॉर्मल्स म्हणजे काय, ते मला तिथे कळलं. खरी श्रीमंत होती ती चुरगळलेल्या हातमागाच्या कुर्त्यांत आणि कोल्हापुरी चपलांत आली होती. माझ्यासारखी, जिल्ह्यातून आलेली, ती सगळी ब्लेझर घालून घाम पुसत होती. एका मुलाने टाय लावला होता, आणि तो टाय त्याच्या शाळेचा होता. त्याच्या शेजारी त्याची आई बसली होती. ती दर पाच मिनिटांनी त्याची गाठ नीट करत होती. त्या श्रीमंतांनी जे केव्हाच सोडून दिलं होतं, ते आम्ही नेमकं उचललं होतं, आणि त्यासाठी घराघरांत आठवडाभर चर्चा झाल्या असणार.

माझं नाव पुकारलं. आत तीन जण होते. दाढीवाले एक सर, हातमागाच्या साडीतल्या एक मॅडम, आणि तिसरे सर, जे मोबाईल बघत होते. टेबलावर, मॅडमच्या हाताखाली, माझा अर्ज होता. मी बसल्याबरोबर मला तो दिसला. पहिल्याच पानावर माझं पूर्ण नाव, आडनाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, आणि त्याखाली प्रवर्गाचा रकाना. तो रकाना पप्पांनी त्यांच्या शिक्षकी अक्षरात भरला होता. जातीच्या दाखल्याची प्रत मागे पिनने लावली होती. मॅडमच्या बोटाचं टोक नेमकं त्या ओळीवर होतं.

मला तेव्हा जे वाटलं त्याला शरम म्हणता येणार नाही. मला हसू येत होतं. काकांचा तो दुधाळ ब्लेझर, 'नगर म्हण', 'निळा नको', आठ दिवस चाललेली ती सगळी लपवाछपवी. आणि काका एका सरकारी कचेरीत अर्जच तपासायचं काम करतात! अर्जावर काय लिहिलेलं असतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असेल? तरीही त्यांना वाटलं की कपड्याने ते झाकता येईल. इतकी वर्षं त्यांनी स्वतःचं झाकलं आहे असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या कचेरीत, त्यांच्या सोसायटीत प्रत्येकाला ठाऊक असणार, आणि प्रत्येक जण त्यांना ते ठाऊक नसल्यासारखं वागवत असणार. तेवढ्यासाठी त्यांनी आडनाव सोडून दिलं.

मॅडमनी माझ्याकडे निरखून बघितलं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "किती सुंदर पांढरा आहे. सकाळपासून आम्ही ब्लेझरच बघतोय. पांढराच का निवडलास?"

हा तो क्षण. काकांच्या दहा डावपेचांनी जो मिळाला नसता, असा सरळ प्रश्न. उत्तर एका वाक्याचं होतं. माझे वडील गेल्या सोमवारी गेले आणि आम्ही पांढरं घालतो. त्यात पप्पाही होते आणि आम्ही कोण तेही होतं. काहीच झाकलेलं नव्हतं, काहीच मांडलेलंही नव्हतं.

आणि मला दिसलं की ते उत्तर दिलं तर जागा माझी आहे. अगदी स्पष्ट दिसलं. मॅडमचे डोळे भरून येतील, मोबाईलवाले सर मोबाईल ठेवतील. हे दिसलं आणि माझं तोंड बंद झालं. मी काकांसारखी नाही, हे मला त्या घटकेला कोणाला तरी दाखवायचं होतं. तिथे मला ओळखणारं कोणी नव्हतं, तरीही.

मी म्हणाले, "ऊन फार आहे म्हणून."

तिघेही हसले. मोबाईलवाल्या सरांनी खरंच मोबाईल ठेवला. दाढीवाले सर खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "सुटलो! सकाळपासून जो तो आपलं दुःख घेऊन येतोय. कुणाचे वडील, कुणाचा दुष्काळ. ही पहिली आनंदी मुलगी."

मीही हसले. त्यांनी वाचनाबद्दल विचारलं, मी वाचनाबद्दल सांगितलं. देवळालीबद्दल विचारलं, उसाबद्दल विचारलं. मी चांगली उत्तरं दिली, मध्येच एखादं गमतीचं वाक्य टाकलं. मला आनंदी मुलगी इतकी चांगली जमेल याची मला कल्पना नव्हती. वडिलांचा उल्लेख आला तेव्हा मी सांगितलं, "शिक्षक आहेत." मॅडम म्हणाल्या, "त्यांना सांग, त्यांनी फार छान वाढवलंय तुला." मी हो म्हणाले. सांगते म्हणाले.

बाहेर काका उभे होते. "सांगितलंस?"

"हो," मी म्हणाले.

दोन आठवड्यांनी निवड झाल्याचं पत्र आलं. आईने ते पप्पांच्या तसबिरीपुढे ठेवलं आणि पहिल्यांदा मोठ्याने रडली. काकांनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून आपण सराव कसा घेतला ते सांगितलं. त्याच हिवाळ्यात त्यांच्या ऑफिसातल्या कोणाच्या तरी लग्नात ते पप्पांचा कोट घालून गेले. त्याचा फोटो आम्हाला आला. कोणी रंगाचं कौतुक केलं असेल, तर ते 'नेव्ही ब्लू' म्हणाले असावेत.

मी काकांना हसत आले, अजूनही हसते. पण त्यांनी पाटीवरून आडनाव काढलं, आणि मी माणूसच काढून टाकला. मी तर असं करून वर स्वतःला स्वाभिमानी समजले. पप्पांचं मरण विकायचं नाही, असं मी ठरवलं होतं. न विकून मी त्याचं काय केलं? ते उन्हाच्या नावावर टाकलं, आणि जागा घेतली ती घेतलीच.

त्या मॅडम आम्हाला पहिल्या वर्षाला शिकवायला होत्या. पहिल्याच दिवशी वर्गात त्यांनी मला ओळखलं. "हीच ती, ऊन आहे म्हणून पांढरं घालणारी," असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. वर्ग हसला. त्यानंतर सांगायची सोय राहिली नाही. दिवाळीला, वाढदिवसाला, फी भरायच्या दिवशी, कधी ना कधी कुणीतरी विचारायचं की घरी कोण कोण असतं. आई-पप्पा, मी म्हणायचे. पप्पा शाळेत शिकवतात. होस्टेलच्या भेटीच्या दिवशी फक्त आई आली तर म्हणायचे, पप्पांना शाळेमुळे जमलं नाही. आईला हे माहीत नव्हतं. तीन वर्षं मी पुण्यात एका जिवंत माणसाची मुलगी म्हणून राहिले, आणि सुट्टीत घरी आल्यावर मेलेल्या माणसाची. दोन्हीकडे माझं बरं चाललं होतं. बसमधून येताना, शिरूरच्या आसपास कुठेतरी, मला एकीतून दुसरीत जावं लागे.

कधीतरी, एकदम अनोळखी माणसाला, हे सांगून टाकावं असं वाटायचं. सांगितलं नाही. आता हे लिहितेय तेही हळूहळू, एका दिवशी चार ओळी, आणि आई झोपायला गेली की नाही हे बघून.

आता मी नगरला एका ज्युनिअर कॉलेजात शिकवते. आई माझ्याजवळ असते. आत्या गेल्या साली गेली, तिच्या घरी आम्ही साडी नेली नाही, त्यावरून बोलणी खाल्ली. पुण्याच्या कॉलेजातल्या दोघी मैत्रिणी अजून फोन करतात. पप्पा कसे आहेत, असं त्या दर वेळी विचारतात. त्यांच्या माहितीप्रमाणे पप्पा निवृत्त झाले आहेत आणि त्यांची तब्येत बरी असते.